सर्पमाशी (फेओस्टिग्मा नोटाटा): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्पमाशी म्हणजे काय? ती माशी आहे का?

नाही. घरमाशी, डास, चिलटं यांना पंखांची एकच जोडी असते, सर्पमाशीला दोन असतात आणि चारही पंख जवळपास सारखे, काचेसारखे पारदर्शक, शिरांच्या दाट जाळीचे. तिचा गणच (कीटकांचा मोठा गट) वेगळा आहे: राफिडिऑप्टेरा. ग्रीकमध्ये ‘राफिस’ म्हणजे सुई. मादीच्या मागच्या टोकाला सुईसारखी लांब अंडनळी असते, त्यावरून हे नाव पडलं. शेतकऱ्यांच्या ओळखीचा, मावा खाणारा क्रायसोपा आणि खड्डा करून मुंग्या पकडणारा मुंगीसिंह हे तिचे दूरचे नातेवाईक.

गण फार लहान आहे. जगात आज जेमतेम अडीचशेच्या आसपास जाती माहीत आहेत आणि त्या सगळ्या दोन कुलांत बसतात: राफिडिइडी आणि इनोसेलिइडी. पहिल्या कुलातल्या माश्यांच्या डोक्यावर दोन मोठ्या संयुक्त डोळ्यांखेरीज तीन बारीक साधे डोळे असतात, दुसऱ्या कुलात ते नसतात. भिंग हाताशी असेल तर कुल ओळखायला एवढं पुरतं.

मराठीत या कीटकाला रूढ नाव नाही, कारण तो आपल्याकडे दिसतच नाही. ‘सर्पमाशी’ हा इंग्रजी नावाचा सरळ मराठी अवतार आहे. जर्मन लोक तिला ‘उंटाच्या मानेची माशी’ म्हणतात.

या पानावर नेमकी कोणती जाती घेतली आहे?

फेओस्टिग्मा नोटाटा. युरोपातल्या मोठ्या आणि सर्वांत दूरवर पसरलेल्या सर्पमाश्यांपैकी एक. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १७८१ मध्ये तिचं वर्णन केलं, तेव्हा ती ‘राफिडिया’ या प्रजातीत (जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) धरली होती. ‘फेओस्टिग्मा’ म्हणजे गडद ठिपक्याची, ‘नोटाटा’ म्हणजे खूण असलेली. काही ठिकाणी ‘नोटाटुम’ असंही लिहिलेलं दिसेल. ‘स्टिग्मा’ हा शब्द नपुंसकलिंगी असल्यामुळे विशेषणाचं शेपूट बदलतं एवढंच, कीटक तोच. जुन्या याद्या चाळताना ‘राफिडिया नोटाटा’ या नावाखालीही शोधा, नाहीतर निम्म्या नोंदी हातून निसटतील.

ती सापासारखी लांब मान खरंच मान आहे का?

नाही, आणि ओळख पटवायला हीच गोष्ट सर्वांत जास्त कामाला येते. कीटकाच्या छातीचे तीन भाग असतात. त्यांपैकी पहिला, म्हणजे अग्रवक्ष, सर्पमाशीत लांब नळीसारखा ताणला गेला आहे. डोकं चपटं, मागच्या बाजूला निमुळतं होत गेलेलं आणि या नळीवर कुठेही वळू शकणारं. माशी चाहूल घेताना अग्रवक्ष वर उचलते आणि डोकं खाली झुकवते. ते नागासारखं दिसतं. लिनियसने १७५८ मध्ये या गणातल्या पहिल्या जातीला ‘ऑफिऑप्सिस’ म्हणजे ‘सर्पासारखी दिसणारी’ हे नाव दिलं, ते उगीच नाही.

आता पायांकडे बघा. सर्पमाशीचे पुढचे पाय या लांब नळीच्या मागच्या टोकाला जोडलेले असतात, म्हणून नळीचा पुढचा भाग मोकळा राहतो आणि मान असल्याचा भास होतो.

प्रौढ माशी कशी ओळखायची?

अंग साधारण दीड सेंटीमीटर, रंग चकचकीत काळा, पोटावर पिवळसर खुणा. बसलेली असताना पंख पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते मिटलेले असतात. मिशा दोऱ्यासारख्या बारीक. पायाच्या टोकाला पाच पेरं असतात, त्यांतलं तिसरं बदामाच्या आकाराचं, रुंद आणि खाली मऊ असतं. त्याच्या आधाराने ती उभ्या खोडावर सहज फिरते.

प्रत्येक पंखाच्या पुढच्या कडेला, टोकाच्या जरा आधी, एक रंगीत डाग असतो. त्याला पंखठिपका म्हणू. या जातीत तो गडद तपकिरी असतो. शेजारच्याच झाडावर सापडणाऱ्या झँथोस्टिग्मा झँथोस्टिग्मा या लहान जातीत तो फिकट पिवळा असतो (‘झँथोस’ म्हणजे पिवळा). या दोघींमधला फरक उन्हात नुसत्या डोळ्यांनीही कळतो.

पण गडद पंखठिपक्याच्या इतर जातीही आहेत. मध्य युरोपात आणि भूमध्य सागराच्या पट्ट्यात फक्त रंगावर विसंबून जातीचं नाव लिहू नये. पक्की ओळख नराच्या पोटाच्या टोकाचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच होते. ब्रिटनमध्ये काम सोपं आहे, कारण तिथे चारच जाती आहेत: फेओस्टिग्मा नोटाटा, झँथोस्टिग्मा झँथोस्टिग्मा, अटलांटोराफिडिया मॅक्युलिकॉलिस आणि क्वचित दिसणारी सुबिला कन्फिनिस.

मादीच्या मागे सुई दिसते. ती डंख मारते का?

नाही. ती अंडी घालायची नळी आहे, तिच्यात विष नसतं. हातावर घेतली तरी काही होत नाही.

आमच्या बागेत अशीच लांब मानेची माशी दिसली. ती सर्पमाशीच असणार ना?

बाग महाराष्ट्रात किंवा गोव्यात असेल तर नाही. तुम्ही बहुधा मँटिस्पा नावाचा दुसराच कीटक पाहिला आहे. त्याचीही ‘मान’ लांब आणि पंख जाळीदार असतात, पण पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे काटेरी, दुमडलेले, भक्ष्य पकडायचे असतात आणि ते नळीच्या पुढच्या टोकाला, डोक्याच्या लगेच मागे जोडलेले असतात. सर्पमाशीचे पुढचे पाय साधे, चालायचे असतात आणि नळीच्या मागच्या टोकाला असतात. फोटोत पाय कुठून निघतात एवढं दिसलं की वाद मिटतो.

क्रायसोपा हिरवा, नाजूक, आखूड छातीचा असतो. पाण्याजवळ सापडणारे डॉब्सनफ्लाय अंगाने खूप मोठे असतात, त्यांचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात आणि तो रुंद भाग पंख्यासारखा दुमडला जातो. सर्पमाशीच्या मागच्या पंखाला अशी घडी नसते.

मग भारतात सर्पमाश्या अजिबात नाहीत का?

आहेत. हिमालयाच्या पट्ट्यातून काही जातींची नोंद आहे. फेओस्टिग्मा नोटाटा मात्र भारतात नाही. सह्याद्री, दख्खनचं पठार, निलगिरी यांपैकी कुठेही कोणतीच सर्पमाशी नाही. उत्तराखंड-हिमाचलात ट्रेकला जाणाऱ्यांनी देवदार, चीड आणि बांजाच्या जंगलात वसंताच्या शेवटी खालच्या फांद्या जरूर बघाव्यात. तिथून आलेला तारीख, ठिकाण आणि उंचीसह एक चांगला फोटोसुद्धा मोलाचा असतो.

फेओस्टिग्मा नोटाटा कुठे कुठे सापडते?

पश्चिमेला ब्रिटनपासून स्कँडिनेव्हिया आणि मध्य युरोपातून पूर्व आणि आग्नेय युरोपापर्यंत. ब्रिटनमध्ये ती मुख्यतः जुन्या ओकच्या झाडांवर मिळते. मध्य युरोपात ओकबरोबरच स्प्रूस आणि पाईनच्या जंगलातही असते. मैदानी जंगलापासून डोंगराळ भागापर्यंत ती आढळते. तिची खरी गरज एकच: जाड, भेगाळलेली साल आणि आसपास मेलेलं लाकूड. झाडून-पुसून स्वच्छ ठेवलेल्या, प्रत्येक वाळका बुंधा उचलून नेलेल्या वनात ती टिकत नाही.

एक सावधगिरी. प्रौढ माश्या बहुतेक वेळ उंच शेंड्यांमध्ये असतात. एखाद्या जंगलातून वर्षानुवर्षं नोंद नाही याचा अर्थ तिथे माशी नाही असा घेऊ नका. बहुतेक वेळा शोधणारा खालीच बघत असतो.

बाकी जगात सर्पमाश्यांचा पसारा कसा आहे?

फक्त उत्तर गोलार्धात, आणि तिथेही विचित्र ठिगळांसारखा. भूमध्य सागराभोवतीचा प्रदेश, अनातोलिया (तुर्कस्तानचा आशियातला भाग) आणि मध्य आशियाचे डोंगर इथे जातींची गर्दी आहे. दक्षिणेकडची हद्द उत्तर आफ्रिका, हिमालय, उत्तर थायलंड, तैवान आणि पलीकडे मेक्सिकोचं दक्षिण टोक अशी जाते, आणि या हद्दीवर त्या उंच डोंगरांतच मिळतात. उत्तर अमेरिकेत त्या फक्त पश्चिमेकडे आहेत. तिथली अगुल्ला ही प्रजाती सर्वांच्या ओळखीची. पूर्वेकडच्या एवढ्या मोठ्या जंगलपट्ट्यात एकही नाही.

फेओस्टिग्मा नोटाटासारखा मोठा पसारा हा अपवाद आहे. झँथोस्टिग्मा झँथोस्टिग्मा आणि इनोसेलिया क्रासिकॉर्निस या दोन जाती युरोपातून सायबेरिया ओलांडून पूर्व आशियापर्यंत जातात. पण बहुसंख्य जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्या, कधी एका द्वीपकल्पापुरत्याच असतात. कारण साधं आहे: प्रौढ माशी फार लांब उडत नाही आणि थोडेच आठवडे जगते, तर अळी आयुष्यभर एखाद्या झाडाच्या सालीखाली किंवा झुडपाच्या मुळांशी मातीतच असते. हिमयुगात जिथे आसरा मिळाला, तिथून पुष्कळ जाती फारशा हलल्याच नाहीत. जगातल्या या पसाऱ्याचा नकाशा उभा राहिला तो मुख्यतः व्हिएन्नाचे होर्स्ट आणि उल्रिके आस्पॉक आणि त्यांचे सहकारी हुबर्ट राउश यांच्या कामामुळे. त्यांनी १९९१ मध्ये जगभरच्या जातींचा एकत्रित आढावा छापला.

दक्षिण गोलार्धात आणि उष्ण प्रदेशात त्या का नाहीत?

अळीला थंडी लागते म्हणून. सर्पमाशीचं जीवशास्त्र आणि तिचा भूगोल हे दोन वेगळे विषय नाहीतच. हिवाळ्यात तापमान शून्याच्या आसपास उतरलं नाही तर बहुतेक जातींची अळी नीट कोषात जाऊ शकत नाही. म्हणूनच दक्षिणेकडच्या जाती डोंगरमाथ्यांना चिकटून आहेत आणि विषुववृत्ताचा गरम पट्टा त्यांना ओलांडता येत नाही.

पण नेहमीच असं नव्हतं. या गणाचे जीवाश्म ज्युरासिक काळापासून मिळतात. ब्राझीलमधल्या क्राटोच्या चुनखडीत क्रिटेशस काळातल्या सर्पमाश्या सापडल्या आहेत, म्हणजे दक्षिण गोलार्धात. म्यानमारच्या काचिन भागातल्या सुमारे १० कोटी वर्षं जुन्या अंबरमध्येही (दगड झालेल्या झाडाच्या राळेत) त्या आहेत, आणि ते जंगल उष्ण होतं. आस्पॉक यांचं म्हणणं असं की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉरांचा अंत झाला त्या उलथापालथीत उष्ण हवेतल्या सर्पमाश्या नाहीशा झाल्या आणि थंडीला सरावलेली एखादी शाखाच तरली. आजच्या सगळ्या जातींना थंडी का लागते याचं यापेक्षा सरळ उत्तर आमच्या वाचनात नाही.

अंड्यापासून प्रौढापर्यंत किती काळ लागतो?

फेओस्टिग्मा नोटाटाला किमान दोन वर्षं, बऱ्याचदा तीन. प्रौढ माशी मेच्या आसपास दिसू लागते आणि जूनअखेर, जुलैपर्यंत बहुतेक संपतात.

मीलनानंतर मादी अंडनळी सालीच्या भेगेत खोल सारते आणि लांबट अंडी पुंजक्याने घालते. थोडे दिवस ते तीन आठवडे यांत अंडी फुटतात. पुढची सगळी कहाणी अळीची. ती दहा-अकरा वेळा कात टाकते, परिस्थिती वाईट असेल तर त्याहूनही जास्त. कात टाकण्याची संख्या ठरलेली नसणं हे कीटकांमध्ये तसं नेहमीचं नाही. अन्न कमी पडलं तर अळी वाढ लांबवते आणि एक हिवाळा जास्त काढते. शेवटच्या हिवाळ्यानंतर वसंतात ती साल किंवा लाकूड कुरतडून छोटी पोकळी करते आणि तिथे कोषावस्थेत जाते. ही अवस्था जास्तीत जास्त तीन आठवड्यांची. काही इतर जाती उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदात कोषात जाऊन अख्खा हिवाळा तशाच काढतात.

सालीखाली अळी दिसली तर ती सर्पमाशीची हे कसं कळेल?

तिच्या चालीवरून. चिमट्याने साल उचलली की ती आधी स्तब्ध राहते आणि मग एकदम मागे पळते, पुढे धावावं तितक्याच वेगाने. पोटाचं शेवटचं टोक चिकटपणाने धरून ठेवतं आणि सातव्या पायासारखं काम करतं. भुंगेऱ्यांच्या अळ्या असं करत नाहीत.

आता भिंगातून बघा. डोकं आणि छातीचा पहिला भाग कडक, चकचकीत, तपकिरी ते काळा. मागचं अंग मऊ, चपटं, तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचं किंवा नक्षीचं. छातीला पायांच्या तीन जोड्या, पोटाला एकही नाही. जबडे पुढे रोखलेले आणि चावायचे. क्रायसोपाच्या अळीचे जबडे कोयत्यासारखे, रस शोषायचे असतात, हा फरक लक्षात ठेवा.

अळी खाते काय?

सालीखाली जे मऊ आणि आपल्यापेक्षा लहान सापडेल ते. साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची अंडी आणि अळ्या, फुलपाखरं-पतंगांची अंडी, माइट (कोळ्यांच्या नात्यातले बारीक जीव), कोळ्यांची पिल्लं, पिसवांसारख्या उड्या मारणारे कोलेंबोला, सालीवरच्या उवा. मेलेले कीटकही ती सोडत नाही. आणि भूक लागली की आपल्याच जातीची लहान अळी.

प्रौढ माशी काय खाते?

मावा आणि इतर मऊ अंगाचे बारीक कीटक, शिवाय परागकण. ती दिवसा फिरते. एक सवय बघण्यासारखी आहे: खाऊन झालं की ती पुढच्या पायांनी डोकं आणि मिशा विंचरत बराच वेळ बसते. एक मिशी पायाखाली घेऊन बुडापासून टोकापर्यंत ओढायची, मग दुसरी. कॅमेरा रोखायचा तर हीच वेळ, कारण तेव्हा ती हलत नाही.

अळीला थंडी मिळाली नाही तर नेमकं काय होतं?

लोकांना वाटतं ती मरते. तसं लगेच होत नाही, आणि जे होतं ते जास्त चमत्कारिक आहे.

पूर्ण वाढलेली अळी हिवाळाभर गरम खोलीत ठेवली तर वसंतात कोषात जायचा इशारा तिला मिळत नाही. ती खात राहते, कात टाकत राहते. पण प्रत्येक कातीनंतर अंगात कोषाची आणि प्रौढाची लक्षणं अर्धवट डोकावू लागतात: अळीच्या साध्या ठिपकेदार डोळ्यांच्या जागी संयुक्त डोळ्यांचा फुगवटा, छातीवर पंखांची कोंब फुटल्यासारखी खुंटं, मिशांना जास्त पेरं. वर अळी, आत कोष, आणि धड दोन्ही नाही. शास्त्रज्ञ याला प्रोथेटेली म्हणतात. अशी अळी महिनोन् महिने, कधी त्याहून जास्त काळही जगते, पण प्रौढ होत नाही. शेवटी एखादी कात अडकते आणि ती मरते.

म्हणून थंडी म्हणजे तिच्यासाठी फक्त ‘सहन करायची’ गोष्ट नाही. ती वाढीच्या घड्याळाची किल्ली आहे. अगदी सौम्य हिवाळ्याच्या वर्षांत सखल भागात किती अळ्या वेळेवर कोषात गेल्या, हे म्हणूनच मोजण्यासारखं आहे.

कोष चालतो असं वाचलं. खरं आहे का?

हो. फुलपाखराच्या कोषात पाय आणि पंख अंगाला चिकटलेले असतात. सर्पमाशीच्या कोषात ते सुटे असतात, जबडे चालू असतात आणि भोवती रेशमाचं आवरण नसतं. डिवचलं तर कोष चावायचा प्रयत्न करतो. शेवटच्या दिवसांत डोळे आणि अंग काळवंडतं. मग तो पोकळीतून बाहेर पडून पायांनी चालत सालीवर सोयीची जागा शोधतो, तिथे घट्ट धरून बसतो आणि पाठ उकलून माशी बाहेर येते. पाळलेल्या कोषाला चढायला खडबडीत पृष्ठभाग दिला नाही तर तो पाठीवर पडतो आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. पंख बिघडण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

तिचे शत्रू कोण?

झाडाच्या खोडावर किडे टिपणारे पक्षी आहेतच. खास तिच्यावरच जगणारा शत्रू म्हणजे नेमेरिटिस या प्रजातीच्या परजीवी गांधीलमाश्या. त्या सालीच्या भेगांतून सर्पमाशीच्या अळीत अंडं घालतात. निसर्गातून आणलेल्या अळीतून माशीऐवजी गांधीलमाशी निघाली तर ती फेकू नका, तारखेसह जपून ठेवा.

क्रायसोपासारख्या सर्पमाश्या शेतात सोडता येतील का?

नाही. क्रायसोपाची पिढी काही आठवड्यांत पूर्ण होते, म्हणून त्याची अंडी प्रयोगशाळेत भरपूर तयार करून कार्डांवर विकता येतात. सर्पमाशीला दोन-तीन वर्षं आणि खरा हिवाळा लागतो, शिवाय अळ्या एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतून अगुल्ला सर्पमाश्या ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नेऊन सोडल्या होत्या, त्या तिथे रुजल्या नाहीत.

तरी ती निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. जंगलात आणि जुन्या फळबागांत ती साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची अंडी-अळ्या वर्षभर खात असते. तिला विकत आणायची नसते, असलेली घालवायची नसते. वाळक्या फांद्यांचे काही ओंडके उन्हात पडू द्यावेत आणि भेगाळ सालीची जुनी झाडं ठेवावीत, एवढं पुरे.

प्रौढ माशी शोधायची कशी?

मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा मध्य, उन्हाचा, वारा नसलेला दिवस. सकाळी दहाच्या सुमारास सुरुवात करा.

पांढऱ्या कापडाची छत्री उलटी धरा, किंवा एक मीटर लांब-रुंद पांढरं कापड दोन काठ्यांवर ताणा. ओकच्या किंवा पाईनच्या खालच्या फांदीखाली ते धरून फांदीवर जाड काठीने दोन-तीन कोरडे, झटकेदार फटके मारा. पानं झोडपू नका, फांदीच हलली पाहिजे. सर्पमाशी कापडावर पडली की क्षणभर पडून राहते, मग कडेकडे धावते. झाकणाची छोटी नळी हातात तयार ठेवा. जंगलाच्या कडेची, ऊन लागणारी झाडं आतल्या सावलीतल्या झाडांपेक्षा चांगली. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर त्या दिवशी नाद सोडा: कापड भिजतं, कीटक चिकटतात, पंख फाटतात.

अळी शोधायची असेल तर?

शरदापासून वसंताच्या सुरुवातीपर्यंत. मेलेलं पण अजून उभं असलेलं झाड, तुटलेले बुंधे, साल सुटू लागलेले ओंडके बघा. साल फार घट्ट असेल तर आत जागा नसते. बोट घालून पूर्ण निघत असेल तर आतलं सगळं सुकलेलं किंवा कुजलेलं असतं. मधली अवस्था हवी: पटाशीचं पातं सरकवून हलकेच उचललं की ‘कर्र’ आवाज करत सुटणारी साल.

खाली पांढरं कापड अंथरा, साल हाताएवढ्या तुकड्यात काढा, आणि आधी सालीची आतली बाजू बघा, मग लाकूड. अळी उचलायला मऊ कुंचला वापरा. चिमट्याने पोट फाटतं. एका झाडाची एक-दोन जागांपेक्षा जास्त साल काढू नका आणि काढलेले तुकडे परत दाबून सुतळीने बांधा. राखीव जंगलात आधी परवानगी घ्या.

अळी घरी पाळून प्रौढ करता येते का?

येते, आणि नमुना पक्का ओळखायचा हा खात्रीचा मार्ग आहे. चिकाटी लागते.

प्रत्येक अळीला स्वतंत्र नळी द्या. ५ ते ७ सेंटीमीटर लांबीची काचेची किंवा पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, तोंडाला कापसाचं किंवा बारीक जाळीचं बूच. आत सालीचा एक चपटा तुकडा आणि घडी केलेला टिश्यू पेपर. अळीला दोन्ही बाजूंनी अंग टेकेल अशी फट लागते. मोकळ्या डब्यात ती सतत फिरत राहते आणि खात नाही.

आठवड्यातून एकदा-दोनदा अन्न: मीलवर्मचा (पिठातल्या भुंगेऱ्याच्या अळीचा) ३-४ मिलिमीटरचा ताजा कापलेला तुकडा, चिरडलेली फळमाशी, किंवा लहान मऊ अळी. दुसऱ्या दिवशी उरलेलं काढून टाका. टिश्यूच्या एका टोकाला एक थेंब पाणी, तेही आठवड्यातून एकदा. अळ्या मरतात त्या जास्त करून बुरशीने. बुरशी येते ती उरलेल्या अन्नामुळे आणि जास्त पाण्यामुळे. दुसरं कारण उलटं: हीटर चालू असलेल्या खोलीत नळी कोरडी पडते आणि अळी सुकून बारीक होते. काचेच्या आत वाफेचे थेंब दिसले तर पाणी जास्त, टिश्यू कुरकुरीत लागला तर कमी.

नोव्हेंबरपासून नळ्या सावलीतल्या बाल्कनीत किंवा उघड्या पडवीत ठेवा, मार्चपर्यंत. ते जमत नसेल तर फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ४-५ अंशांवर सुमारे तीन महिने. थंडीत अन्न देऊ नका, महिन्यातून एकदा ओल तपासा. बाहेर काढताना एकदम हीटरजवळ नेऊ नका. आठवडाभर थंड खोलीत, मग साध्या तापमानाला. अळी आकड्यासारखी वाकून पडली आणि खाणं सोडलं की ती कोषात जायच्या तयारीत आहे. मग नळी हलवू नका, आणि आत खडबडीत सालीची एक उभी पट्टी नक्की ठेवा.

नमुना जपून कसा ठेवायचा?

टाचणीवर लावलेल्या सर्पमाशीचं पोट सुकून आक्रसतं आणि ओळखीसाठी लागणारे अवयव नेमके तिथेच असतात. म्हणून ७५ ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए काढायचा असेल तर ९६ टक्क्यांत आणि फ्रीजरमध्ये. नराच्या पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये खोलीच्या तापमानाला रात्रभर ठेवा, पाण्याने धुवा आणि ग्लिसरीनच्या थेंबात बघा. उकळण्याची घाई केली तर मऊ भाग विरघळून आकार बिघडतो. तपासलेलं टोक त्याच बाटलीत, छोट्या नळीत परत जायला हवं.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका: देश, ठिकाण, उंची, तारीख, झाड, कशी पकडली, कोणी पकडली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

फोटोवरून जाती सांगाल का?

कुल बहुतेक वेळा सांगता येतं, प्रजाती कधीकधी. तीन फोटो लागतात: डोकं वरून (साधे डोळे दिसावेत), मिटलेला पंख बाजूने (पंखठिपका आणि त्याच्यातल्या शिरा स्पष्ट), आणि पोटाचं टोक बाजूने. सोबत ठिकाण आणि तारीख द्या. ठिकाण नसलेल्या सुंदर फोटोपेक्षा ठिकाण असलेला धूसर फोटो जास्त उपयोगाचा.

आम्ही जर्मनीत राहतो. फेब्रुवारीत दिवाणखान्यात अशी माशी निघाली. घराला धोका आहे का?

नाही. ती जळाऊ लाकडातून आली आहे. ओंडक्याच्या सालीखाली थंडी काढून झालेली अळी होती, शेकोटीशेजारच्या उबेत तिला वसंत आल्यासारखं झालं आणि ती दोन-तीन महिने आधीच प्रौढ झाली. ती घरातल्या लाकडाला पोखरत नाही, चावत नाही, घरात अंडी वाढवत नाही. बाहेर गोठलेलं असेल तर तिला सोडून उपयोग नाही. छोट्या डब्यात सालीचा तुकडा, ओला कापूस आणि थोडा मावा ठेवला तर काही दिवस बघता येईल. उरलेली लाकडं मात्र घरात साठवू नका. लागतील तेवढीच आत आणा आणि ढीग बाहेर छपराखाली राहू द्या, म्हणजे आतल्या बाकीच्या अळ्या मेपर्यंत थांबतील.